भोक पाडलेल्या चौदा गिन्या

माझी आई एमिलिया मूर्ख होती, असं इनासकाकाने मला शंभर वेळा ऐकवलं असेल. त्यातल्या पन्नास वेळा तरी मी मान डोलावली. आता माझेच केस पिकले, तेव्हा एकदाचं सरळ सांगून टाकते. मूर्ख नव्हती ती. ठाण्यातली कुठलीही बाई जे करेल तेच तिने केलं. फक्त ते विलायतेत जाऊन केलं, एवढीच चूक.

माझा बाप डॉमनिक खाडीतल्या मचव्यावर खलाशी होता. पटकीच्या साथीत गेला, तेव्हा मी आठ वर्षांची. आई मग विल्कॉक साहेबाच्या बंगल्यावर आया म्हणून लागली. साहेब रेल्वेचा इंजिनिअर, घरात तीन पोरं, आणि मडमेला पोरांपेक्षा आपल्या डोकेदुखीचीच काळजी जास्त. दोन वर्षांनी साहेबाला मोठी रजा मिळाली. मडम म्हणाली, आया, तूही चल. दोन वर्षांनी साहेब परत येईल तेव्हा त्याच्याबरोबर तू येशील, जाण्यायेण्याचं भाडं आम्ही देऊ, आणि पगार महिना वीस रुपये. इथे तिला आठ मिळत होते. आता सांगा, पदरात लहान पोर असलेली विधवा काय करेल?

मला तिने काकाकडे ठेवलं. ठाणे स्टेशनवर मला जवळ घेऊन म्हणाली, "दोन वर्षांत येते बाय. तुझ्या लग्नाच्या आधी तर नक्कीच." मी रडले नाही. मी तिच्या दंडाला कडकडून चावले. माझा स्वभाव तेव्हापासूनच असा आहे. काकी ओरडली, पण आईने हात काढून घेतला नाही. गाडी सुटेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

तिकडचं सगळं मला तिनेच नंतर सांगितलं. पहिल्यांदा तिची जिरवली ती तिकडच्या नाण्यांनी. आपल्याकडे कसं सरळ असतं, चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, चवली, पावली, अधेली. शेंबड्या पोरालाही येतं. तिकडे बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड. त्यातून तो त्यांचा पेनी आपल्या ढब्बू पैशाएवढा अवजड, आणि चांदीचं बारकं नाणं मात्र त्याच्या सहापट किमतीचं. आईला वाटायचं, मोठं ते महाग. पहिल्या महिन्यात पाववाल्याने तिच्याकडून तीन पेन्सांच्या पावाला सहा पेन्सांचं बारकं नाणं घेतलं आणि उरलेलं परत दिलंच नाही. ती वर त्याला हसून सलाम करून आली. घरी साहेबाच्या थोरल्या मुलीने हिशेब विचारला तेव्हा कळलं. आई मला सांगायची, "मेल्याला मी सलाम केला गं! त्याचंच वाईट वाटलं."

मग मात्र तिने डोळ्यांत तेल घालून शिकून घेतलं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बोटं शहाणी होती. दोन शिलिंगांचं नाणं आणि अडीच शिलिंगांचं नाणं जवळजवळ सारखंच दिसतं, तिथे भलेभले फसतात. आईने त्यांना धाकटी आणि थोरली अशी नावं ठेवली आणि पदराखाली हात घालून, न बघता, अंगठ्याने कडा चाचपून ओळखायला लागली. वर्षभरात अशी तयार झाली की स्वयंपाकीण तिला बाजारात बरोबर न्यायची, दुकानदार लबाडी करतो का बघायला. विलायतेच्या बाजारात ठाण्याची बाई गोऱ्या दुकानदाराला "एक पेनी कमी दिलास" म्हणून थांबवते आहे, हे मला आजही डोळ्यांपुढे आणून बघावंसं वाटतं.

पहिलं वर्षभर ती साहेबाच्या हातून काकाला पैसे पाठवत होती. माझ्या नावाने. त्या पैशांतून काकाने घरावरची सगळी कौलं बदलली, आणि मी मात्र काकीच्या मुलीचं जुनं नेसत राहिले. गावातल्या कुणीतरी आईला ते कळवलं. ती चिडली. आमच्या घरात चिडणं रक्तातच आहे, फक्त ती बोलून न दाखवता चिडायची. तिने पैसे पाठवणं बंद केलं. पोरीचं धन पोरीच्या गळ्यात घालीन, म्हणाली, तिथून ते कुणाला कौलांवर चढवता येणार नाही.

आता तुम्हाला आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्यात काय आणि हिंदूंच्यात काय, ठाण्याला बाईची तिजोरी म्हणजे तिचा गळा. हातात सोन्याचं नाणं आलं की ते कुणी पेटीत ठेवत नाही. सोनाराकडून कडी बसवून घ्यायची, नाहीतर भोक पाडायचं आणि दोऱ्यात ओवायचं. नाणं गळ्यात असलं की ते चोराला सापडत नाही, नवऱ्याला मागता येत नाही आणि अडीनडीला कुठलाही सोनार ते तोलून घेतो. भोक असो नसो, सोनं ते सोनं. माझ्या आजीच्या गळ्यात अशा जुन्या पुतळ्या होत्या, म्हणजे वर माणसाची आकृती असलेली सोन्याची नाणी. आईला मात्र लग्नात तसं काहीच मिळालं नव्हतं.

विलायतेत तिने सव्वा-दीड पौंड पगारातून दर महिन्याला एक गिनी, म्हणजे एका पौंडाचं सोन्याचं नाणं, बाजूला काढायला सुरुवात केली. मडमेने तिला सांगितलं होतं, आया, पोस्टात ठेव, ते पुस्तक देतात. आई म्हणाली, कागदाचं पुस्तक घेऊन काय करू, वाचता कुठे येतं? आणि त्यात गिनीच्या एका बाजूला तिने काय पाहिलं? घोड्यावर बसलेला संत जॉर्ज, पायाखाली राक्षस. अहो, आमच्यासाठी हे म्हणजे इगर्जीतलं, चर्चमधलं, पदकच! संताची मूर्ती, आणि तीही शुद्ध सोन्यात. ती मुलीच्या गळ्यात नाही घालायची तर कुठे घालायची?

तिने साहेबाच्या तबेल्यातून हातोडी आणि टोकदार पोलादी खिळा मागून आणला. लाकडाच्या ठोकळ्यावर गिनी ठेवून संताच्या डोक्याच्या बरोबर वर भोक पाडलं, कड खरखरीत झाली ती कानशीने घासून काढली आणि काळ्या दोऱ्यात ओवली. गंमत अशी की त्या नाण्यावर एक बाजू सरळ धरली की दुसरी उलटी येते. त्यामुळे संत सरळ राहिला आणि पाठीमागे राणीचं डोकं खाली. आईने ते पाहिलं होतं. म्हणाली, राणीकडे कोण बघतंय, ती माझ्या पोरीच्या अंगाकडच्या बाजूला येईल. अशा चौदा महिन्यांत चौदा गिन्या. चोळीच्या आत, कुणाला न दिसता.

दोन वर्षं झाली. मडम म्हणाली, अजून सहा-आठ महिने. आई थांबली. माळ पुरी व्हायची होती ना.

इकडे काकाने काय केलं ते ऐका. पैसे येणं बंद झालं तसा तो म्हणायला लागला, तुझी आई तिकडचीच झाली, आता ती येत नाही. सत्त्याऐंशी सालची गोष्ट, राणीच्या ज्युबिलीचं साल. त्याच्या आधीच्या डिसेंबरात त्याने माझं लग्न ठरवलं. मुलगा म्हणू का त्याला? पास्कू नाव, कल्याणला रेल्वेत फिटर, वय अडतीस, बायको बाळंतपणात गेलेली, घरात नऊ आणि सहा वर्षांची दोन पोरं. माझं तेरावं सरलं नव्हतं. फेब्रुवारीच्या अखेरीस उपासाचे चाळीस दिवस सुरू होणार, त्यात आमच्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून त्याच्या आधीचा सोमवार धरला. मी आदळआपट केली, दोन दिवस जेवले नाही. काकीने पाठीत धपाटा घातला. "दुसऱ्याच्या घरी किती दिवस गिळशील?" म्हणाली.

मग मी इगर्जीच्या शाळेतल्या मास्तरांकडे गेले. ते थोडं इंग्रजी लिहायचे. त्यांना म्हटलं, लिहा, आई, उपासाच्या आधी ये, नाहीतर मला देऊन टाकतील. तू आलीस की काकाला काही बोलता येणार नाही, आईच्या परवानगीवाचून पाद्रीबाबा लग्न लावणार नाहीत. मास्तर भले माणूस, टपाल हशील त्यांनीच भरलं. तेवढंच माझ्या हातात होतं, आणि तेवढ्याच आशेवर मी दिवस काढायला लागले.

पत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोचलं. मडमेने वाचून दाखवलं. आई तिथल्या तिथे म्हणाली, मी जाते. मडम म्हणाली, साहेब आता हिंदुस्तानात परत जाणारच नाहीत, इथेच काम मिळालंय. भाडं आम्ही आमच्याबरोबर परतण्याचं कबूल केलं होतं. तू मध्येच निघालीस तर तुझं तू बघ. वाईट बाई नव्हती म्हणे. आई तिला कधी वाईट म्हणाली नाही, म्हणून मी म्हणते. वाईटच होती.

आईने हिशेब केला. बोटीचं सगळ्यात स्वस्त भाडं बारा पौंड. गळ्यात चौदा. जानेवारीच्या मध्यावर बोट सुटणार होती, ती फेब्रुवारीच्या मध्याला मुंबईला लागते. म्हणजे लग्नाच्या आधी आठवडाभर तरी ती ठाण्यात. माळ जाईल, जाऊ दे. पोर तर वाचेल. हलक्या मनाने तिने दोरा तोडला, म्हणाली मला.

बोटीच्या कचेरीत खिडकीवर तिने बारा गिन्या ओळीने मांडल्या. कारकुनाने एक उचलली, उजेडाकडे धरली, भोकातून तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. दुसरी उचलली, परत ठेवली. मग सगळ्या एका हाताने तिच्याकडे सरकवल्या. आईला वाटलं, कमी पडल्या. तिने उरलेल्या दोन काढून ठेवल्या. तो मान हलवत राहिला. शेवटी त्याने छोटा तराजू आणला, एका पारड्यात आपली गिनी ठेवली, दुसऱ्यात तिची. तिचं पारडं वर गेलं. अगदी थोडंसं, पण गेलं. भोक पाडलेलं नाणं हे आता नाणं नाही, फक्त सोन्याचा तुकडा आहे, सोन्याच्या दुकानात ने, असं त्याने हातवारे करून सांगितलं. मागे रांग लागली होती, कुणीतरी हसलं.

"मला ते काही केल्या समजेना गं," आई सांगायची. "सोनं तेच, संत तोच, राणी तीच. एका खिळ्याने असं काय झालं?"

सोन्याच्या दुकानदाराने तिचा चेहरा पाहिला आणि घाई ओळखली. एका गिनीला सोळा शिलिंग. सोळाच्या वर एक पेनी देईना. बाजारात एक पेनी न सोडणारी माझी आई तिथे घासाघीस करायला लागली, तर त्याने दुकानाचं दार दाखवलं. दुसऱ्या दुकानात पंधरा सांगितले. ती पहिल्याकडे परत आली. चौदा गिन्यांचे झाले अकरा पौंड चार शिलिंग. बाराला कमी पडले सोळा शिलिंग.

सोळा शिलिंग! ती मडमेकडे गेली. मडम म्हणाली, मी तुला पोस्टात ठेव म्हणाले नव्हते का? चांगल्या पैशांची अशी नासाडी का केलीस? आणि दोन शिलिंग हातावर ठेवले. आईने ते घेतले. माझ्यासाठी तिने ते घेतले, मी असते तर तोंडावर फेकले असते. बोट सुटली. पुढची तीन आठवड्यांनी. मडमेकडचं काम सुटलं होतं, म्हणून ते तीन आठवडे ती लंडनमध्ये आयांच्या एका आश्रयघरात राहिली, बर्फाच्या पाण्यात परक्यांचे कपडे धुतले आणि अंगावरची शाल विकली. सोळा शिलिंग पुरे झाले तेव्हा तिच्या बोटांची कातडी निघाली होती.

इकडे मी रोज खाडीवर जाऊन उभी राहायचे. मोठी आगबोट खाडीत येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी जायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवरून उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या न्हाणाचं पाणी, घेऊन आल्या, मला न्हाऊ घातलं, आणि आईच्या जागी काकी उभी राहिली. पाद्रीबाबांना काकाने सांगितलं होतं, आईचा होकार पत्राने आलाय. खोटारडा. पाद्रीबाबांनी मला विचारलं, मुली, तुझी इच्छा आहे का? माझी नजर दाराकडे होती. दारात कुणी आलं नाही. मी हो म्हटलं.

मार्चच्या मध्याला एका दुपारी मी कल्याणच्या रेल्वे चाळीत चुलीपुढे बसून पोरांसाठी भाकरी थापत होते. दारात सावली पडली. लाल लुगडं, अंगावर दागिना नाही, हातात एक गाठोडं. मुंबईहून ती ठाण्याला गेली होती, तिथे काकीने सगळं सांगितलं, आणि तशीच पुढच्या गाडीने कल्याणला.

"बिट्रिस," ती म्हणाली. "बाय, चल. उठ, घरी जाऊ."

"घरीच आहे मी," मी म्हटलं, आणि भाकरी उलटली.

ती उंबऱ्यावर बसली. तिथेच बसून तिने सगळं सांगितलं, माळ, खिळा, कारकून, तराजू. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मनात म्हटलं, हिला एवढंही धड खोटं बोलता येत नाही? भोक पडलेलं सोनं कुणी घेत नाही म्हणे! मी ठाण्याचीच ना. मलाही तेच शिकवलेलं, सोनं ते सोनं. मी तिला म्हणाले, "तुला यायचंच नव्हतं. यायचं असतं तर आली असतीस." सहा वर्षांच्या पोराने तिला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. मी दिला नाही.

पास्कूला संध्याकाळी कळलं. तो म्हणाला, "खरं बोलते तुझी आई. आपल्या स्टेशनच्या खिडकीवरसुद्धा भोकाचा रुपया घेत नाहीत." तो माणूस खरं तर वाईट नव्हता. थकलेला होता. पण खरं कळलं म्हणून राग जातो, असं कुणी सांगितलं तुम्हाला? उलट वाढला. तिने लबाडी केली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने माझ्यासाठीच ते सगळं केलं आणि त्यातूनच माझं हे झालं, याचं मी काय करू? तेरा वर्षांच्या मुलीने ते कुठे ठेवायचं?

आई पुन्हा ठाण्याला गेली नाही, विलायतेलाही नाही. दुसऱ्या साहेब लोकांच्या दोन चिठ्ठ्या आल्या कामासाठी, तिने फाडल्या. कल्याणमध्येच चाळीपासून हाकेच्या अंतरावर एक खोली घेतली आणि लोकांचे कपडे धुवायला लागली. रोज सकाळी माझ्या दारात यायची. मी आत ये म्हणत नसे. ती ओट्यावर बसून माझे तांदूळ निवडायची, पोरांची डोकी विंचरायची आणि जायची. मी तिला आई म्हणणं सोडलं होतं. "ती" म्हणायचे. "ती आलीय," "तिला चहा दे." तीन वर्षं. तिने कधी विचारलं नाही, तक्रार केली नाही. कधीकधी वाटायचं, एकदा तरी भांडावं हिने माझ्याशी. पण नाही.

सोळावं लागलं तेव्हा मला दिवस गेले. पहिल्या बायकोचं काय झालं होतं ते चाळीतल्या प्रत्येक बाईने मला येऊन सांगितलं, दयाळूपणे. भीतीने माझी गाळण उडाली होती. कळा सुरू झाल्या सकाळी, आणि दुपार टळली तरी बाळ येईना. बायजा सुईण मोठी धीराची बाई, पण तिच्याही कपाळाला आठ्या पडल्या. पास्कू पाद्रीबाबांना आणायला गेला, हे मला कुणी सांगितलं नाही, पण मी ऐकलं. तेव्हा समजलं, मी मरतेय असं यांना वाटतंय.

बायजा माझ्या कानाशी वाकली. "पोरी, कुणाला बोलवू तुझ्याजवळ?"

"माझ्या आईला," मी म्हटलं.

तिला बोलवायला कुणाला जावं लागलं नाही. सकाळपासून ती ओट्यावरच बसून होती, मी आत ये म्हणाले नव्हते म्हणून. दार उघडलं. ती जवळ आली, पण माझ्या अंगाला हात लावायला धजेना. तशीच उभी राहिली.

"उशीर झाला का गं मला?" तिने विचारलं.

मी तिचा हात ओढून घेतला आणि घट्ट धरला.

"नाही, आई," मी म्हटलं. "वेळेवर आलीस."